मोजपट्टीएवढीच शुद्धता

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघाला की व्यापाऱ्याची नजर आधी रंगावर जाते. पिवळाधमक रवा चार पैसे जास्त आणतो, काळसर मागे पडतो. म्हणून भेंडीचा चिकट रस घालून काहिलीतली मळी नीट काढणारा गुळव्या असला, तरी कित्येक गुऱ्हाळांवर शेवटी हायड्रॉस पडतेच. त्याने मळी जात नाही, फक्त रंग उजळतो. बाजाराने रंग ही मोजपट्टी धरली आणि गूळ त्या मोजपट्टीपुरता शुद्ध होत गेला. औषध-विश्लेषण शिकवताना आरएनएच्या लशींचा विषय आला की मला हा सौदा हटकून आठवतो. या औषधांचे शुद्धीकरणही आपल्याला जेवढे मोजता येते तेवढ्यावरच थांबते.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पुणे-बंगळूर रस्त्याने चार तासांवर हिंजवडी आहे. तिथल्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या जेमकोव्हॅक-१९ या लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. ही भारताची पहिली एमआरएनए लस. फायझरच्या लशीला उणे ६० अंशांखालची थंडी लागायची. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात, २ ते ८ अंशांत राहते. चंदगड किंवा गगनबावड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीत ती ठेवता येते, याचे मोल तिथल्या आरोग्यसेविकेला विचारावे. पुढे जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठीची जेमकोव्हॅक-ओएम आली. ती सुईविना कातडीत देतात, आणि तिच्यातला आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो. जपानने अशा स्वयंवर्धक आरएनए लशीला मान्यता दिली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. या कामाबद्दल मला मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याच्या अवघड बाजूबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे.

आरएनए बनवणे हा त्यातला सोपा भाग. डीएनएचा साचा, टी-७ नावाचे विकर आणि चार प्रकारची कच्ची अक्षरे एकत्र केली की काही तासांत आरएनए तयार होतो. पण त्याच भांड्यात तुटके तुकडे, साच्याचे अवशेष, विकर आणि दुपदरी आरएनए हेही असतात. यातला दुपदरी आरएनए सर्वांत त्रासाचा, कारण पेशी त्याला विषाणूची खूण समजते, धोक्याची घंटा वाजवते आणि ज्यासाठी आरएनए दिला ते प्रथिन बनवणेच आवरते घेते.

कॅटालिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले तेव्हा त्यांच्या २००५ च्या शोधाची, आरएनएमधले अक्षर बदलण्याची, खूप चर्चा झाली. त्यांच्या चमूचे २०११ चे काम त्या मानाने दुर्लक्षित राहिले. आरएनए एचपीएलसी या स्तंभातून वेगळे करण्याच्या तंत्राने काढून दुपदरी भाग वगळला की उरलेली प्रतिकारक प्रतिक्रिया जवळजवळ नाहीशी होते आणि प्रथिन कितीतरी जास्त बनते, हे त्यांनी दाखवले. माझ्या मते अक्षर बदलण्याइतकाच हा शोध मोलाचा आहे. अडचण खर्चाची. या पद्धतीला ॲसिटोनायट्राइलसारखी विषारी द्रावके लागतात आणि मोठ्या प्रमाणावर ती परवडत नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी साधा सेल्युलोज वापरून दाखवला. इथेनॉल मिसळलेल्या द्रावणात दुपदरी आरएनए सेल्युलोजला चिकटतो आणि एकपदरी पुढे निघून जातो. इतकी स्वस्त आणि देखणी युक्ती या क्षेत्रात क्वचितच सापडते.

कारखान्यांत मात्र बहुधा दुसरीच पद्धत दिसते. आरएनएच्या टोकाला ‘ए’ अक्षरांची लांब शेपटी असते. तिला जुळणारी ‘टी’ अक्षरांची साखळी स्तंभात बसवली की शेपटीवाला आरएनए अडकतो आणि बाकीचे वाहून जाते. पद्धत सुटसुटीत आहे, पण ती फक्त शेपटी ओळखते. डोके तुटलेला रेणू शेपटी शाबूत असेल तर तिथे अडकतो, आणि शेपटीवाला दुपदरी आरएनएही त्याच्यासोबत येतो. दुपदरी आरएनए शोधायला जे-२ नावाचे प्रतिपिंड वापरतात, पण साधारण ४० जोड्यांपेक्षा लहान तुकडे त्याच्या पकडीत येत नाहीत. अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘या चाचणीला आढळले नाही’ एवढाच.

युरोपच्या औषध नियामकाची कागदपत्रे चोरीला गेली आणि मार्च २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर लिहिले, तेव्हा बाहेरच्यांना शुद्धता मोजण्याच्या या प्रश्नाचे पहिल्यांदा दर्शन झाले. फायझरच्या चाचण्यांसाठीच्या लशीत अखंड आरएनए सुमारे ७८ टक्के होता. व्यापारी उत्पादनाच्या काही खेपांत तो ५५ टक्क्यांच्या आसपास भरला. पुढे कंपनीने तो सुधारला. मला बोचला तो दुसराच मुद्दा: किती टक्के अखंड असला म्हणजे पुरे, याचे ठाम उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हते.

त्याच वर्षी मॉडर्नाच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट उघड केली. आरएनए ज्या मेदकणात भरलेला असतो, त्यातल्या मेदाचा थोडा अंश ऑक्सिडीकरणाने बिघडतो आणि आरएनएच्या अक्षरांना जोडून बसतो. असा आरएनए लांबीला पूर्ण भरतो, म्हणून लांबी मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीला तो चांगलाच वाटतो. पेशीत मात्र त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. वेगळ्या प्रकारची क्रोमॅटोग्राफी वापरली तेव्हा तो दिसला. पिवळ्याधमक रव्याची हीच तर गोष्ट आहे.

स्वयंवर्धक आरएनएत हे सगळे आणखी कठीण होते. फायझरच्या आरएनएत सुमारे ४,३०० अक्षरे असतात, तर स्वयंवर्धकात ती १०,००० च्या घरात जातात. साखळी जितकी लांब तितकी ती कुठेतरी तुटण्याची शक्यता जास्त, आणि एकच तुटलेला दुवा आख्खा रेणू वाया घालवतो. शिवाय एवढ्या लांबीवर थोडा तोकडा रेणू आणि पूर्ण रेणू वेगळे दिसणेही अवघड जाते. त्यात जेनोव्हाच्या लशीची रचना वेगळी: तिच्यात आरएनए मेदकणाच्या पोटात नाही, तर पृष्ठभागावर बसवलेला असतो. ‘किती टक्के आरएनए कणाच्या आत आहे’ ही जगभर रूढ झालेली चाचणी तिथे जशीच्या तशी लावता येत नाही. नव्या रचनेला नवी मोजपट्टी घडवावी लागते, आणि ती एकट्या कंपनीच्या कपाटात राहून चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची एमआरएनए लशींसाठीची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजूर झाली. अमेरिकेच्या यूएसपी या औषध-मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ पासून चाचण्यांच्या पद्धतींचा मसुदा सर्वांच्या सूचनांसाठी खुला ठेवला. आपल्याकडे लशींची तपासणी कसौलीच्या प्रयोगशाळेवर एकवटलेली होती. जून २०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रालाही अशा तपासणीच्या प्रयोगशाळेचा दर्जा मिळाला, हे पाऊल फार चांगले होते. पण यंत्रे आली की त्यांच्यामागे माणसे लागतात. शिवाजी विद्यापीठात विश्लेषणाच्या आधुनिक उपकरणांचे सामायिक केंद्र आहे, आणि जिल्ह्यात फार्मसीची महाविद्यालये पुष्कळ आहेत. तरी आमचे विद्यार्थी बहुतेक वेळ पॅरासिटामॉलसारख्या लहान रेणूंवरच हात बसवतात. आरएनए हाताळताना बोटावरच्या घामातले विकरही नमुना खाऊन टाकते, हे त्यांना पुस्तकात कळते. हातांना ते कळायला नमुने वाया जावे लागतात, आणि तेवढे नमुने त्यांना मिळत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने स्वतः बनवलेला आरएनए जेलवर चालवला. चौथ्या प्रयत्नात एकच रेखीव पट्टी आली, आणि ती आनंदाने फोटो काढून घेऊन आली. मीही खूश झालो. मग तिला म्हटले, आता यातला थोडा पेशींना दे, आणि प्रथिन बनते का ते उद्या सकाळी येऊन बघ.