भांगेचे बी मिलिग्रॅममध्ये, पान मात्र नावावर

अंबाडीच्या भाजीला नंदुरबारच्या बाजारात कोणी अंमली पदार्थ म्हणणार नाही. तरी अंबाडीचे इंग्रजी नाव ‘डेक्कन हेम्प’. ती जास्वंदीच्या कुळातली. पाने भांगेसारखी, म्हणून शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आले, इतकेच. वनस्पतिशास्त्राने हा घोळ केव्हाच मिटवला. कायद्याला मात्र खऱ्या भांगेबाबतही ते जमलेले नाही.

1985 चा अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायदा फुलोऱ्याच्या किंवा फळे धरलेल्या शेंड्यांना गांजा म्हणतो. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया तो वगळतो. याला शास्त्राचा आधार आहे. टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य मादी फुलोऱ्यावरील ग्रंथिकेसांत सर्वाधिक असते, पानांत कमी, बीच्या गरात जवळजवळ नाही. पण ‘कमी’ म्हणजे किती? व्याख्या गप्प आहे. शिक्षा ठरते ती वजनावर. ताब्यातला गांजा 20 किलोच्या वर गेला की किमान 10 वर्षे. आता झाडे मुळा-देठांसकट तोलली तर काटा कुठे जाईल, याचा हिशेब आपला सातवीतला विद्यार्थीही करील. न्यायालयांत हा वाद पुनःपुन्हा येतो, यात नवल नाही.

पान राज्यांच्या वाट्याला आले. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशात परवान्याच्या दुकानात भांग मिळते. गुजरात विधानसभेने 2017 मध्ये ती दारूबंदी कायद्यातून वगळली. अलीकडे धडगाव-अक्कलकुव्यात मात्र 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा तिला मादक द्रव्यच मानतो. पान तेच, रसायन तेच!

बियांचे पाहा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये त्यांना अन्न म्हणून मान्यता दिली. टीएचसीची मर्यादा बियांत किलोमागे 5 मिलिग्रॅम, तेलात 10, बियांच्या पेयात 0.2. बीत टीएचसी नसताना मर्यादा कशाला? मळणीत फुलोऱ्याची राळ टरफलाला चिकटते, म्हणून. हा नियम मला आवडतो. तो मोजता येतो. तेलाने कोणाला अपाय झाला, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्पादकाकडे भरपाई मागताना हा आकडा पुढे ठेवता येतो. पानाचा घोटा पिऊन आजारी पडलेल्याने कोणता आकडा दाखवायचा?

आणि आकडा ठरवताना एक गोष्ट लिहावीच लागेल. ताज्या पानात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते, त्याने नशा येत नाही. उष्णतेने त्याचे रूपांतर होते. तेव्हा मोजणी तापवण्याआधीची की नंतरची?