‘नाही’ कागदावर द्या

आरोग्य विमा म्हटलं की आपण आधी आकडा विचारतो. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. दीड लाखांचं कवच पाच लाखांवर गेलं, आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, कुटुंब पात्र ठरू लागलं. हे चांगलंच झालं. पण योजनेची खरी परीक्षा ती ‘नाही’ कसं म्हणते यात असते.

बंधनं मुळात वाईट नाहीत. आजार यादीत हवा, रुग्णालय त्या उपचारासाठी अंगीकृत हवं, शस्त्रक्रियेआधी पूर्वमंजुरी हवी. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. ‘ही शस्त्रक्रिया खरंच लागते का?’ असं कुणी विचारलंच नाही तर काय होतं, ते तिथे दिसलं. तेव्हा प्रश्न विचारणारा हवाच.

माझा आक्षेप वेगळा आहे. पूर्वमंजुरी नाकारली तर त्याची नोंद होते, दाद मागता येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. पण अर्ज गेलाच नाही तर? ‘हे योजनेत बसत नाही हो’, ‘आत्ता खाट नाही’, ‘कोल्हापूरला न्या’. हा नकार खिडकीवर तोंडी मिळतो. त्याला तारीख नाही, कारण नाही, सही नाही. मग अपील कशावर करायचं? राजापूरचा माणूस पेशंटला गाडीत घालून अणुस्कुरा घाट चढायला लागतो, आणि सरकारदरबारी त्याला कुणी नाकारलेलंच नसतं.

खाजगी विम्यात कागद तरी मिळतो. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. दावा फेटाळला तर पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो.

पण इथेही एक मेख आहे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ३ हजार असेल आणि तुम्ही ६ हजारांची खोली घेतलीत, तर अनेक पॉलिसींत नुसतं भाडं कापत नाहीत. डॉक्टरांच्या फीसकट खोलीशी जोडलेला खर्च निम्म्यावर येतो. औषधं, इम्प्लांट यांसारखे काही खर्च वाचतात. याला कुणी नकार म्हणत नाही, ‘सेटलमेंट’ म्हणतात. दावा ‘मंजूर’ असतो, म्हणून माणूस गप्प बसतो.

आणि वेळेचं काय? महिनाभराची मुदत पैशांच्या भांडणाला पुरते, हृदयाच्या ब्लॉकेजला नाही. पैसे मागाहून मिळतील, उपचार मागाहून मिळून उपयोग काय?

म्हणून माझी मागणी एवढीच. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक ‘नाही’ मराठीत, कागदावर, तारखेसह आणि कारणासह द्या. दाद कुठे मागायची ते त्याखाली छापा. आणि हे कागद जिल्हावार मोजा. आज आपण किती शस्त्रक्रिया झाल्या ते मोजतो, किती माणसं परत गेली ते मोजत नाही.

तोवर आपण काय करायचं? खिडकी सोडायची नाही. ‘लिहून द्या’ म्हणायचं. आरोग्यमित्राला गाठायचं, आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावून तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. भांडण नको. पण घरी परतताना हातात एक कागद हवा.