मत हरल्यावर तलवार

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. ज्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, ते त्याच घटनेखालच्या निवडणुकीत काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, तुमसर, साकोलीकडच्या गावांसाठी ही घरची गोष्ट आहे. हरलेला माणूस आपल्या कामाला लागला, जिंकलेला दिल्लीला गेला, आणि घटना आपल्या जागी राहिली. फँटसी व्हिडिओ गेममधली राज्यं तपासताना मला ही निवडणूक वारंवार आठवते. सत्ता मिळवण्याच्या शंभर वाटा या कलेने रंगवल्या आहेत. पण सत्ता हरून जिवंत राहण्याची वाट तिला जवळजवळ ठाऊकच नाही.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) घ्या. राजकारण गांभीर्याने मांडणाऱ्या फँटसी गेममध्ये त्याचं नाव आजही पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. त्यात फेरेल्डन नावाचं राज्य आहे. तिथे राजा कोण हे सरदारांची सभा ठरवते. खेळणारा महिनोन्‌महिने एकेका सरदाराची मर्जी मिळवतो, पुरावे गोळा करतो, भर सभेत बाजू मांडतो. मग मतं पडतात. इथवर सगळं उत्तम. पण मत विरोधात गेलं तर तलवारी उपसल्या जातात आणि निकाल द्वंद्वावर येतो. मत बाजूने पडलं तरी खेळणाऱ्याचा प्रतिस्पर्धी सरदार लोगेन ते मानत नाही आणि प्रकरण द्वंद्वावरच जातं. सभा इतक्या कष्टाने उभी करायची आणि शेवटचा शब्द पोलादाला द्यायचा, ही या कलेची सर्वांत जुनी खोड आहे.

याच गेममधलं ऑर्झमार हे बुटक्यांचं भूमिगत शहर मात्र मराठी वाचकाने मुद्दाम पाहावं असं आहे. तिथे जन्मावरून जाती ठरतात: सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, नोकर. या सगळ्यांच्या खाली जातीबाहेरचे लोक. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीच खूण गोंदतात. शहराच्या स्मृतिग्रंथात त्यांची नोंद होत नाही, म्हणजे इतिहासाच्या लेखी ते जन्मलेलेच नसतात. ज्या समाजाने वेशीबाहेरची वस्ती पाहिली आहे, त्याला यात काय मांडलंय हे समजावून सांगावं लागत नाही. पुढचा पेच तर फारच धारदार आहे. गादीसाठी दोघे उभे असतात. हॅरोमॉंट सभ्य, शब्दाला जागणारा, आणि जुनी व्यवस्था जशीच्या तशी टिकवणारा. बेलेन कपटी, भावाच्या खुनामागे त्याचाच हात. पण जातीबाहेरच्यांची बंधनं सैल करतो तो बेलेनच, आणि पुढे सभाच बरखास्त करून एकट्याने राज्य चालवतो. सज्जन राजा हवा की न्याय देणारा जुलमी, असा प्रश्न विचारणारा गेम मला थोर वाटतो. तरी खोड सुटत नाही. बेलेन जिंकला की हॅरोमॉंटला मृत्युदंड. हॅरोमॉंट जिंकला की बेलेन शस्त्र उचलतो आणि मारला जातो. विरोधी बाक नावाची वस्तू त्या शहरात कुणी बांधलेलीच नाही.

‘स्कायरिम’मध्ये (२०११) यादवी आहे, बंदी घातलेला देव आहे, उच्चराजा निवडणाऱ्या मांडलिकांच्या सभेची चर्चाही आहे, पण ती सभा भरलेली आपल्याला कधीच दिसत नाही. शहर जिंकलं की गादीवरचा माणूस बदलतो, बाजार तसाच चालू राहतो. त्यावर अधिक लिहिण्याजोगं फारसं नाही.

‘फेबल’च्या तिसऱ्या भागाने (२०१०) निदान गादीवर बसल्यानंतर काय, हा प्रश्न विचारला. शाळा उघडायची की मुलांना कारखान्यात जुंपायचं, खजिना भरायचा की बंडाच्या वेळी दिलेली वचनं पाळायची? कल्पना फार चांगली. पण राजाने स्वतःच्या मालकीच्या घरांच्या भाड्याचे पैसे खजिन्यात ओतले की सगळी वचनंही पाळता येतात आणि राज्यही वाचतं. राज्याची तिजोरी आणि राजाचा खिसा यांत फरक नसेल तर अर्थसंकल्पाला काय अर्थ उरतो? बावनथडीच्या पाण्यासाठी आणि धानाच्या चुकाऱ्यासाठी सरकारदरबारी खेटे घालणाऱ्या मोहाडी तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा फरक नीट कळतो.

२०२४ साली आलेला जपानी ‘मेटाफर: रिफँटाझिओ’ मला अलीकडचा सर्वांत धाडसी प्रयत्न वाटतो. राजाचा खून होतो, आणि मेलेल्या राजाची जादू जाहीर करते की जनतेचा सर्वाधिक पाठिंबा असेल तो राजा होईल. नायक सर्वांनी हिणवलेल्या जमातीचा. भीतीवर मतं कशी मिळतात, धर्मपीठ लोकमत कसं वळवतं, हे त्यात विलक्षण ताकदीने आलं आहे. वाईट याचं वाटतं, की कथा अखेरीस पुन्हा राजघराण्याच्या वारशाकडेच वळते. लोकांनी निवडलेला माणूस केवळ लोकांनी निवडला म्हणून पुरेसा ठरत नाही.

पराभवाला जागा न देण्याची ही खोड तंत्रामुळे आलेली नाही. ‘सुझरेन’मध्ये (२०२०) जादू नाही, राक्षस नाहीत, फक्त एक कल्पित देश आणि त्याचा राष्ट्राध्यक्ष आहे. तिथे घटनादुरुस्तीसाठी संसदेत मतं जुळवावी लागतात, आणि निवडणूक हरताही येते. म्हणजे पराभवाचंही नाट्य होऊ शकतं. फँटसीवाल्यांनी ते हाती घेतलेलं नाही, इतकंच.

आपल्याकडे पुण्यात नॉडिंग हेड्स या स्टुडिओने ‘राजी’ हा गेम (२०२०) केला. डोंबारी कसरती करणारी मुलगी नायिका, भित्तिचित्रांतून सांगितलेल्या देवकथा, डोळे निववणारे गड. पण त्या गडांत प्रजा नाही आणि शासनही नाही. असुर येतात, देव एका मुलीची निवड करतात. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (२०२४) तर मुख्यतः शेवटी उरेल तो जिंकला, या नियमावर उभा आहे. कौशल्यात ही मंडळी कुठेही कमी नाहीत. राज्यव्यवस्थेच्या कल्पनेत मात्र त्यांनी परदेशी गेमांइतकीही मजल मारलेली नाही, आणि याची मला खंत आहे.

कारण सामग्री दाराशी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा बहुमतावर नाही, सर्वसहमतीवर निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुन्हा होते. या एका नियमावर अख्खा खेळ उभा राहील: लढाईपेक्षा कठीण आणि तिच्याइतकाच रंगणारा. मोहाडी स्वतः ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेलं गाव आहे. हरलेला उमेदवार निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्याच गल्लीत राहतो, त्याच्याच दुकानातून किराणा घेतो आणि पाच वर्षांनी पुन्हा अर्ज भरतो. पुण्या-मुंबईच्या गेमकर्त्यांनी एकदा झाडीपट्टीतल्या निवडणुकीच्या दिवसांत इथे येऊन राहावं, आणि नायक हरल्यावरही पुढे चालू राहणारा गेम करावा.