‘कथेला पूरक’ संगीत

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा विषय निघाला की बहुतेकांच्या ओठांवर अजय-अतुलचं गाणं येतं. ते गाणं प्रसिद्धीसाठी केलेलं. चित्रपटात ते नाहीच. चित्रपटात आहे ते अलोकनंदा दासगुप्ता यांचं पार्श्वसंगीत, आणि त्यांचं नाव विचारलं तर तीच मंडळी एकमेकांकडे बघू लागतात. मराठीत चित्रपट-मालिकांच्या संगीतावर पोट भरू पाहणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते.

आपला कान नाट्यसंगीतावर आणि भावगीतावर पोसलेला. संगीतकार म्हणजे चाल लावणारा, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय की जिथे चाल नाही तिथे संगीत झालंय हेच जाणवत नाही. समीक्षकही त्यातलेच. गाण्यांवर परिच्छेद खर्च करायचा आणि मग ‘पार्श्वसंगीत कथेला पूरक’ अशी तीन शब्दांत बोळवण करायची, हा परीक्षणांचा जुना रिवाज. पूरक म्हणजे नेमकं काय केलं, कुठे थांबलं, कुठे नको तिथे रडलं, याची विचारपूस नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ सालच्या चित्रपटांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत यांचा वेगवेगळा गौरव होऊ लागला. त्यानंतर गाण्यांसाठीचा पुरस्कार ‘संहिता’च्या शैलेंद्र बर्वे यांनी मराठीत आणला. पार्श्वसंगीताचा मात्र २०२३ सालच्या चित्रपटांपर्यंत एकाही मराठी चित्रपटाच्या वाट्याला आलेला नाही. पुरस्कार हे काही गुणवत्तेचं माप नव्हे (यादी चाळली तर ते लगेच पटतं), पण इतकी वर्षं सलग रिकामी जाणं हा योगायोगही नसावा.

ही जाण आपल्याकडे नव्हतीच, असं म्हणायला मात्र जागा नाही. १९३७ साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ हद्दपार केलं आणि घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज कामाला लावले. त्याच चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे. म्हणजे वाद्यं हाताशी होती, ती न वाजवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. ‘फँड्री’त डुकरामागे धावणारा नायक जब्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच ताठ उभा राहतो आणि डुक्कर निसटतं, तिथे ‘कुंकू’चाच वारसा दिसतो. ‘सैराट’चं उदाहरण तर आणखी बोलकं. या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, त्याचं केवढं कौतुक झालं. आणि ज्या शेवटानं चित्रपटगृहं सुन्न झाली, त्या शेवटाला संगीत नाही. इतका मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवायची हिंमत हे ‘सैराट’च्या संगीताचं मोठेपण आहे, असं मला वाटतं. त्या शांततेवर लिहिलं गेलं ते त्याच चित्रपटातल्या ‘झिंगाट’ गाण्याच्या तुलनेत नगण्य.

मालिकांकडे वळलं की गोष्ट व्यवहाराची होते. अशोक पत्की यांची वाटचाल बघावी. वाद्यवृंदांत वादन, पं. जितेंद्र अभिषेकींबरोबर नाटकांचं काम, असंख्य जिंगल्स, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल, चित्रपट, आणि मग ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’सारखी शीर्षकगीतं. ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळेपर्यंत ही शिडी पायरी-पायरीनं चढलेली. तीस सेकंदांत सूर पकडायची जिंगलमधली सवय शीर्षकगीताच्या दीड मिनिटात किती उपयोगी पडली असेल! आता वादकाचा अरेंजर आणि अरेंजरचा संगीतकार होण्याची ती शिडी उरलेली नाही. लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग करणारा मुलगा थेट संगीतकार होतो. सनईवाल्याशी, व्हायोलिनवाल्याशी समोरासमोर बसून काम करण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. शीर्षकगीतही आक्रसलं. मालिका मोबाइलवर बघणारा पहिलं बटण दाबतो ते शीर्षक वगळण्याचं.

उरतं रोजच्या भागाचं पार्श्वसंगीत. दैनंदिन मालिकेत प्रत्येक प्रसंगासाठी नवं संगीत करायला वेळच नसतो. सुरुवातीलाच थीम्सचा साठा करून ठेवतात: सासूचं कारस्थान, सुनेचं दुःख, प्रेमाची बासरी, विनोदाचा टुणटुण आवाज. मग भाग हातात आला की त्या साठ्यातून तुकडे उचलून चिकटवायचे. तीन चेहऱ्यांवर तीनदा कॅमेरा धावतो आणि तीनदा तोच ‘धाडधूम’ आदळतो, तो असा. यातून घरभाडं सुटतं, हात वेगवान होतो, डेडलाइनची भीती मरते. हे फायदे खोटे नाहीत. पण पाच वर्षं दुःखासाठी एकच सारंगी वाजवलेल्या माणसाला एखादा दिग्दर्शक ‘इथे काहीच नको’ म्हणाला, तर त्याचं काय होत असेल?

पूर्वीच्यांना ही घाई नव्हती, कारण पोटाचं दुसरीकडे भागत होतं. यशवंत देव आकाशवाणीत होते, आनंद मोडक बँकेत. पगारानं त्यांना नाही म्हणायची मुभा दिली. मोडकांनी ‘महानिर्वाण’सारख्या नाटकात कीर्तनाची मोडतोड करून जे केलं, ते महिन्याच्या हप्त्याकडे डोळे लावून सुचलं असतं असं मला वाटत नाही.

पगार नसलेल्या संगीतकाराच्या बाजूनं कायदा तसा आहे. १९७७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं चित्रपटासाठी केलेल्या संगीताची पहिली मालकी निर्मात्याकडे गेली होती. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं, ज्यामागे जावेद अख्तर यांचा मोठा रेटा होता, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा लिहून घेता येणार नाही असा केला. मात्र हा वाटा आपोआप दारात येत नाही. रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘आयपीआरएस’ या संस्थेचं सदस्य व्हावं लागतं, कोणत्या भागात कोणाचं किती सेकंद संगीत वाजलं याची नोंद लागते. साठ्यातून तुकडे चिकटवण्याच्या पद्धतीत ती नोंद कोण ठेवणार? संगीत शिकवणाऱ्या किती गुरूंनी शिष्याला कराराचा कागद वाचायला शिकवलं आहे?

मग पार्श्वसंगीतावर कारकीर्द उभी राहते कशी? उत्तर बाजारात कमी, दिग्दर्शकात जास्त सापडतं. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तला कोकणचा पाऊस नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांनी फार थोड्या सुरांत भिजता ठेवला. पुढे अरुण ‘पाताल लोक’ या हिंदी वेबमालिकेचे एक दिग्दर्शक झाले, आणि संगीत याच जोडीचं होतं. अलोकनंदा दासगुप्ता ‘सेक्रेड गेम्स’ या वेबमालिकेकडे गेल्या. तिथे पार्श्वसंगीताला स्वतंत्र काम म्हणून किंमत आणि नाव आहे. मराठी निर्माता अजून गाण्याच्या व्हिडिओचे पैसे आधी बाजूला काढतो आणि संकलन संपल्यावर उरलेल्या रकमेत, उरलेल्या आठवड्यात, पार्श्वसंगीत मागतो.