संकेतस्थळांची शिफारस : एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार

चांगलें पुस्तक आपोआप वाचकाच्या हातीं पडतें, असा समज लेखकवर्गांत फार जुना आहे, आणि जुना असूनहि तो खोटा आहे. मराठींत आजवर जें वाचलें गेलें त्यांतील पुष्कळसें, कोणीं तरी ‘हें वाचा’ म्हणून सांगितल्यामुळें वाचलें गेलें. त्या सांगण्याला परीक्षण, अभिप्राय, निदान ‘साभार पोंच’ असें नांव होतें, आणि त्याची जबाबदारी घेणारा कोणी तरी असे. आज वाचनाचा मोठा भाग कागदावरून संकेतस्थळांवर गेला आहे. परंतु ‘हें पाहा’ म्हणून सांगण्याची विद्या त्याच्यामागोमाग तेथें गेलेली दिसत नाहीं. त्या विद्येचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

ती तेथें कधींच नव्हती असें मात्र नव्हे. टिम बर्नर्स-ली यांचें ‘वर्ल्ड वाइड वेब’ जिनीव्हाच्या सर्न या संस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्वांस विनामूल्य खुलें केलें. पुढच्याच वर्षीं स्टॅनफर्ड येथील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनीं आपणांस आढळलेल्या पानांची विषयवार यादी करून ती लोकांपुढें मांडली. तिचेंच पुढें ‘याहू’ झालें. म्हणजे या अफाट वाड्याचा पहिला दरवाजा माणसानें केलेली शिफारस हाच होता. याहूची ती सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, आणि स्वयंसेवकांनीं चालविलेली ‘डीमॉझ’ ही तसलीच मोठी सूची २०१७ सालीं मिटली. त्यांची जागा शोधयंत्रानें घेतली. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतें, आणि बरेंच चांगलें देतें. पण जो प्रश्न विचारावयाचें आपणांस सुचलेलेंच नाहीं, त्याचें उत्तर तें कोठून देणार?

धाराशिव जिल्ह्यांतील माकणी हें गांव घ्या. तेरणा नदीवर तेथें निम्न तेरणा धरण आहे. तेथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशांत मोबाइल आहे, त्यांत दिवसभर पुरेल इतकें इंटरनेट आहे, आणि तें तो कशांत घालवितो हें सांगावयास नको. त्याच नदीच्या वरच्या अंगास गोरोबाकाकांचें तेर आहे. या तेरचें प्राचीन नांव तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्द्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें जें टिपण लिहून ठेवलें, त्यांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर असून तेथून साधें कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते असें म्हटलें आहे. शॉफ यांनीं १९१२ सालीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या ग्रंथसंग्रहांत कोणासहि फुकट वाचतां येतें. आपल्या नदीचा माल दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापार जात होता, ही गोष्ट माकणीच्या मुलापासून बोटाच्या एका स्पर्शाइतकी जवळ आहे. पण तो स्पर्श कोठें करावा हें त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. वेबचें दार उघडून बरोबर पांच महिने झाले होते, तेव्हां ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी-सास्तूर भागांत भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. माकणीच्या जलाशयाचा त्याच्याशीं कांहीं संबंध होता काय, हा प्रश्न त्या वेळेपासून विचारला जात आहे, आणि भूशास्त्रज्ञांत त्यावर एकमत नाहीं. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे जुने अंक आज सर्वांस खुले आहेत आणि त्यांत या भूकंपावरचे निबंध आहेत. ते कठीण आहेत हें खरें. पण ज्या मुलीच्या आजोळचीं घरें त्या पहांटे पडलीं, तिला ते वाचण्याचा अधिकार इतरांहून कमी नाहीं. तिच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकानें एक संध्याकाळ दिली तर त्यांतील निम्में तरी तिला समजेल. ऐकीव गोष्टींवर जन्म काढावयाचा, कीं मूळ कागद पाहावयाचे, एवढा हा फरक आहे.

आतां सध्यां चालणाऱ्या शिफारशीची तऱ्हा पाहूं. सकाळीं व्हॉट्सॲपवर ‘अत्यंत उपयुक्त शंभर संकेतस्थळें, जपून ठेवा’ असा मजकूर येतो. तो पाठविणारानें त्यांतील चार तरी उघडून पाहिलीं असतील काय? लेखकाचें नांव नाहीं, गुण कोणता तें नाहीं, दोष कोणता तें तर नाहींच नाहीं. शंभर पुस्तकांचीं नांवें एका दमांत उच्चारणारास आपण समीक्षक म्हणत नाहीं. लिलांव पुकारणारा म्हणतों. याच्या उलट, शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली. तीहि यादीच, पण तींत प्रत्येक पुस्तकाचा लेखक, साल, पृष्ठें, विषय नेमके नोंदले आहेत. यादी करणें हलकें काम नव्हे. न पाहतां करणें हलकें.

शिफारस करणारानें गुणदोष कसे सांगावे, याचे दोन-तीन नमुने देतों. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आले, ही मोठीच सोय झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं आरंभ झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. तेव्हां तत्त्वज्ञान, कला, प्राचीन इतिहास यांसाठीं तो अवश्य उघडावा, पण लोकसंख्या आणि उत्पादन यांचे आंकडे तेथून उचलूं नयेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तेथें उलट प्रकार. ताजी माहिती मिळते, परंतु खेड्यांवरील हजारों लेख एकाच साच्यांतून काढलेले असून त्यांत गांवाचा वास मुळींच येत नाहीं. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश एकाच ठिकाणीं शोधतां येतात. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजींत आहेत एवढ्यानें भिऊं नये. करमणूक म्हणूनहि त्याच्यासारखें दुसरें पुस्तक नाहीं. (आमचे एक स्नेही तो रात्रीं झोपण्यापूर्वीं वाचतात आणि मग त्यांस झोंप येत नाहीं.)

या उद्योगाची घाई कां, तेंहि सांगितलें पाहिजे. पुस्तक दुर्लक्षानें मरत नाहीं. कपाटांत पडून राहतें आणि पन्नास वर्षांनीं एखाद्या संशोधकाच्या हातीं लागतें. संकेतस्थळाचें तसें नाहीं. त्याचें वार्षिक भाडें भरणारा मनुष्य थकला, वारला, किंवा ‘कोणी येतच नाहीं’ म्हणून खट्टू झाला, कीं तें एका रात्रींत नाहींसें होतें. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं पुष्कळ मराठी पानें निरनिराळ्या फाँटांत लिहिलीं गेलीं. तो फाँट नसला तर अक्षरांच्या जागीं खुणांचा कचरा दिसतो, आणि शोधयंत्रास तीं पानें अस्तित्वांतच नाहींत. ‘वेबॅक मशीन’ कांहीं पानांच्या नकला जपून ठेवीत आहे, पण नक्कल शोधावयासहि मूळ पत्ता ठाऊक लागतो. तो पत्ता कोणीं तरी कोठें तरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

तेव्हां आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत नवीन पुस्तकांच्या फळ्याशेजारीं दुसरा एक फळा असावा, आणि महिन्यास एकच संकेतस्थळ त्यावर लिहावें. खालीं दहा ओळींत तें कोणीं केलें, त्यांत काय आहे, काय नाहीं, कोठून वाचावयास लागावें हें सांगून सांगणारानें सही करावी. नियतकालिकांनीं दोन पानें दिलीं तर अधिकच उत्तम.

पहिल्या महिन्याकरितां आमची शिफारस जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पी. साईनाथ यांनीं २०१४ सालीं सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहांत त्या २०१७ पासून क्रमाक्रमानें प्रसिद्ध होत आहेत. लोकगीत म्हटलें कीं तें अनामिक म्हणून छापण्याची आपल्या संपादकांची जुनी खोड. येथें गाणारीचें नांव व गांव दिलेलें असतें, आणि पुष्कळ ओव्या तिच्याच आवाजांत ऐकावयास मिळतात. दोष म्हणाल तर संग्रह इतका मोठा आहे कीं नवखा मनुष्य दारांतच गोंधळतो. त्यानें बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांपासून आरंभ करावा. ऐकतांना एकट्यानें बसूं नये. घरांतील वडील बायकांस जवळ बसवावें; कित्येकदां पुढची ओवी त्याच म्हणूं लागतात, आणि ती त्या संग्रहांत असतेच असें नाहीं.