माध्यमांतर आणि निष्ठेचा प्रश्न : ‘उमराव जान अदा’च्या संदर्भात

कादंबरीवर चित्रपट निघाला की ‘मूळ कथा बदलली’ ही तक्रार हमखास ऐकू येते. परंतु कादंबरीचा विस्तार दोन-अडीच तासांत आणायचा तर काही प्रसंग गाळावेच लागतात. म्हणून निष्ठेची कसोटी प्रसंगांच्या संख्येवर न लावता, कथा कोण सांगते आणि कोणत्या दृष्टीने सांगते यावर लावणे अधिक योग्य ठरेल.

मिर्झा हादी रुस्वा यांची ‘उमराव जान अदा’ ही उर्दू कादंबरी १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ लखनौमधील एका मुशायऱ्याने होतो. शेजारच्या खोलीतून एका स्त्रीची दाद ऐकू येते. ती स्त्री म्हणजे उमराव. पुढची हकिकत ती स्वतः रुस्वांना सांगते. मध्येच थट्टा करते, शेर ऐकवते. अखेरीस रुस्वा तिच्या कथेचे हस्तलिखित तिच्याच हाती देतात. प्रथम ती संतापते; नंतर तेच वाचून आपल्या आयुष्याचा हिशेब स्वतः मांडते.

मुझफ्फर अली यांच्या १९८१ च्या ‘उमराव जान’मध्ये अपहरण, कोठा, लखनौची पडझड, फैजाबादची भेट हे टप्पे कायम आहेत. गळाला आहे तो रुस्वा-उमराव संवाद. शहरयार यांच्या गझला व खय्याम यांचे संगीत ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेवटी घरच्यांनी नाकारलेली उमराव ओसाड कोठ्यात परतते आणि आरशासमोर उभी राहते. कादंबरीतील प्रौढ, मिश्किल, स्वतःचा न्याय स्वतः करणारी स्त्री येथे मूक दुःखाची प्रतिमा बनते. रेखा यांचा अभिनय प्रभावी आहे, तरीही हा बदल केवळ माध्यमाच्या मर्यादेमुळे झाला असे म्हणता येत नाही. निवेदन चित्रपटालाही वर्ज्य नाही. येथे कथा तिचीच राहिली. ती सांगण्याचा अधिकार मात्र तिच्याकडून गेला.

आपले बहुतेक विद्यार्थी कादंबरीआधी चित्रपट पाहतात आणि पडद्यावरची उमराव हीच रुस्वांची उमराव असे गृहीत धरतात. यावर चित्रपट टाळणे हा उपाय नव्हे. कादंबरीतील मुशायरा आणि चित्रपटाचा शेवट वर्गात शेजारी-शेजारी ठेवावेत आणि ‘येथे कोण बोलत आहे?’ एवढाच प्रश्न विचारावा. तुलनेचा अभ्यास तेथूनच सुरू होईल.