पावती कुणाच्या नावाची?

वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द आपल्या समीक्षेला पाठ झाले आहेत. बाईचे आत्मकथन हाती आले की तिने किती सोसले ते आपण मोजतो. ज्या छपराखाली सोसले ते छप्पर कुणाच्या नावावर होते, हे विचारत नाही. मी मराठी शिकवतो. हा आरोप माझ्यावरही आहे.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातल्या सुनांचा छळ त्यांनी त्यात निर्भीडपणे मांडला. स्वतःच्या नवऱ्याची मारहाण मात्र त्यात नाही. ती त्यांनी पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितली. लिहिलेले कागद कित्येक वर्षे घरातच लपवले होते, हेही सांगितले. या मौनाला कुणी समाजनिष्ठा म्हणेल. असेलही. पण ज्या घरात कागद लपवावे लागतात, त्या घरातून निघून बाईने जायचे कुठे, हा प्रश्न त्या मौनात नाही काय?

माझ्या आईला तो प्रश्न वाचावा लागला नाही. आम्ही चाळीत भाड्याने राहत होतो. 1998 साली बाप तिला मारून, भाडे थकवून निघून गेला. धुणीभांडी करून साठवलेले पैसे घेऊन आई मालकाकडे गेली. त्याने ते हातात घेतले नाहीत. म्हणाला, ‘‘बाई, पावती तुमच्या नावाची नाही.’’ आठ दिवसांत आमची भांडी जिन्यात आली.

सात वर्षांनी, 2005 मध्ये, बी. पी. अचला आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाडेकरू नवऱ्याने टाकलेली बायको त्या जागेत राहत असेल, तर जागा खाली करण्याच्या दाव्यात तिला भाडेकरूसारखाच बचाव करता येतो. घटस्फोट झाला की मात्र हा आधार सुटतो. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला. त्याचे कलम 17 बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देते, घर भाड्याचे असले तरी. कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर काढू शकतो, किंवा दुसऱ्या जागेचे भाडे भरायला लावू शकतो. पण डिसेंबर 2006 मध्ये बात्रा खटल्यात ठरले की घर सासूच्या मालकीचे असेल तर सुनेचा हक्क नाही. आपल्या वस्त्यांत झोपडी बहुधा सासऱ्याच्याच नावावर असते! ती चूक आहुजा खटल्यात दुरुस्त व्हायला ऑक्टोबर 2020 उजाडले. मधल्या काळात किती जणींची भांडी जिन्यात आली, त्यांचे आत्मकथन कुणी लिहिले नाही.

सरकारची मदत म्हणाल तर संजय गांधी निराधार योजना आहे. 2023 साली तिची रक्कम दरमहा 1500 रुपये झाली. या पैशात खोली कोण देतो? शिवाय अर्जाला राज्यातल्या 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. घरातून हाकललेल्या बाईकडे रहिवासाचा दाखला मागणारी ही व्यवस्था आहे, आणि असे कागद बहुधा ती मागे सोडून आलेल्या पेटीतच असतात.

‘जिणं आमुचं’ शिकवताना मी आता फळ्यावर कलम 17 लिहितो. आमच्या विभागप्रमुखांच्या मते हे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे. मुली मात्र ते वहीत उतरवून घेतात. एकीने परवा विचारले, ‘‘सर, खोली मामाच्या नावावर असली तर?’’